फुंकायला हलका बास

आमच्या घरात फुंकणारा दादा आणि ठोकणारा मी. लहानपणी बैलगाडीवरून पडून माझे पुढचे दोन दात गेले. दात नसले की ओठाला टेकू राहत नाही, सुराऐवजी नुसती थुंकी उडते. वडिलांनी महिनाभर माझ्यावर मेहनत घेतली, मग कपाळाला हात लावला आणि माझ्या गळ्यात ताशा अडकवला. फुंकायचा बास दादाकडे गेला.

बास म्हणजे लग्नाच्या बँडमधलं सगळ्यांत मोठं पितळी वाद्य. पोटाशी धरायचं, तोंड आभाळाकडे, उजव्या हाताखाली तीन खटके. लोक बँड बघतात तो क्लॅरिनेटवाल्यासाठी. पोरं नाचतात ती ढोलावर. बासवाल्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण तो थांबला की सगळा बँड पोकळ वाटायला लागतो, आणि काय बिघडलं ते कुणाला सांगता येत नाही. दादाला हे मागं राहणं आवडायचं. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, रुंद छातीचा, कमी बोलणारा. त्याच्या वाटचं मी बोलायचो, आणि भांडायचं असेल तर तेही मीच उरकायचो.

ताशा काय, कुणीही वाजवतो. माझा खरा मान होता तो दुरुस्तीत. नंदुरबार, शहादा, तळोदा, इकडे नवापूरपर्यंतचे बँडवाले चेपलेली, फुटलेली वाद्यं माझ्याकडे आणून टाकत. फुटलं तर कथलाची झाळ द्यायची, चेपलं तर आतून गोळा फिरवून उचलायचं, ते कुणालाही शिकता येतं. गळती शोधणं मात्र प्रत्येकाला जमत नाही. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी वाजवणाऱ्याचा निम्मा दम वाया जातो, आणि ते भोक डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी माझी एक रीत होती. वाद्याचं मोठं तोंड फडक्याच्या बोळ्यानं गच्च बंद करायचं, दुसऱ्या बाजूनं बिडीचा धूर फुंकायचा आणि उन्हात धरून बघायचं. जिथून धुराची रेघ निघेल तिथे खडूची खूण करायची. एवढ्या मोठ्या नळीत धूर भरायला छाती दांडगी लागते, म्हणून ते काम दादाच करायचा. दुपारभर बिड्या ओढून ओढून तो फुंकायचा आणि मी खुणा करायचो. माझ्या हातून गळती सुटत नाही, असं मी चारचौघांत सांगत फिरायचो. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

महाराष्ट्र वेगळा झाला त्याच्या आगेमागेची गोष्ट. दिवाळीनंतर तुळशीची लग्नं लागली आणि पहिल्याच वरातीत दादाचा बास मागे पडायला लागला. गाण्याचं कडवं संपायच्या आधीच त्याचा स्वर तुटायचा. बँडमास्तर फार समंजस माणूस, वडिलांच्या बरोबरीचा. त्यांनी सगळ्यांसमोर काही विचारलं नाही. वरात संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुन्हा भाऊ दम का तोडी ऱ्हायना? देख जरा."

मी दादाला विचारलं. तो पायरीवर बसून बासातलं पाणी निथळत होता.

"दम पुरस नही रे धाकल्या," तो म्हणाला. "हाऊ बाजा कोठे तरी गळस."

आता कुठल्याही घरात माणूस म्हणाला की दम पुरत नाही, तर लोक माणसाकडे बघतील. आम्ही बँडवाले. आमच्यात दम कमी पडला की आधी बाजा तपासतात. वडिलांनी तेच केलं असतं, मास्तरांनीही तेच सुचवलं, आणि मी तर दुरुस्तीवाला. मी म्हणालो, "दे इकडे, मी देखस."

खोकला होता, नव्हता असं नाही. पण नंदुरबारात त्या दिवसांत खोकला नसलेलं घर दाखवा. लग्नसराई नसली की दादा मिरचीच्या पथारीवर कामाला जायचा. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. गावाबाहेर जिकडे बघावं तिकडे लाल, आणि वारा सुटला की अख्खं गाव शिंकतं. बाहेरगावचा पाहुणा आला की तो तोंडाला उपरणं लावून बसतो आणि आम्ही त्याला हसतो. त्यामुळे दादा खोकला की कुणाची मान वळत नसे. वहिनीची मात्र वळली. एक दिवस तिनं मला भाकरी वाढता वाढता सांगितलं, "भाऊजी, त्यासले रातले घाम येस. एवढी थंडी, तरी गोधडी वल्ली व्हई जास."

मी म्हणालो, "बास वाजाडस तो, पिपाणी नही. घाम येईच."

ती हसली. मी बोललो की ती हसायचीच. घरात माझ्या बोलण्याला मान होता.

त्या महिन्यात मी तो जुना बास तीनदा खोलला. तीनदा धूर भरला, आणि धूर कुणी भरला? दादानंच. खोकत खोकत त्यानं बिड्या ओढल्या आणि मी उन्हात नळी फिरवत राहिलो. एक रेघ निघाली नाही. संशय म्हणून मी सगळे जोड पुन्हा झाळले, खटक्यांखालच्या बुचाच्या चकत्या बदलल्या, मेण चोळलं. बाजा मातीच्या घागरीसारखा गच्च झाला. दादाचा दम तरी पुरेना. मला त्याची काळजी वाटायच्या ऐवजी राग यायला लागला. माझी दुरुस्ती फुकट जाते म्हणजे काय? शेवटी मी निकाल दिला की हा बाजाच जातीचा जड आहे, वडिलांच्या छातीच्या मापाचा आहे, आता नवा बघायचा. म्हणजे जुनाच, पण चांगला. फुंकायला हलका आणि आवाजाला भारी.

हे दोन्ही एका बाजात मिळणं कठीण. धुळ्याच्या दुकानात नवाकोरा चकचकीत बास दाखवला, तो फुंकायला हलका होता, पण आवाज डब्याचा. दोंडाईच्याच्या एका बँडवाल्याकडे होता त्याचा आवाज छान, पण धरायला असा गैरसोयीचा की दादाचं मनगट दुखायला लागलं. मी प्रत्येक ठिकाणी दादाला बरोबर नेत होतो. तो एक सूर फुंकायचा, मान हलवायचा, आणि भिंतीला टेकून बसायचा. दुकानदार बाजाचे गुण सांगत असायचा आणि मी त्याच्याशी वाद घालत असायचो. भिंतीला टेकलेल्या माणसाकडे आम्हा दोघांचंही लक्ष नव्हतं.

मग एका ट्रकड्रायव्हरनं सांगितलं की विसरवाडीला, सुरतेच्या रस्त्यावर, एक म्हातारा चहाचं हॉटेल चालवतो आणि त्याच्या गल्ल्यामागे भिंतीवर तसलाच बाजा टांगलेला आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो.

हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक भट्टी. बाहेर ट्रकांची रांग. म्हातारा तरुणपणी गुजरातकडच्या एका संस्थानात राजाच्या बँडमध्ये होता. संस्थान गेलं, बँड मोडला, आणि वाजवणाऱ्यांना आपापला बाजा घरी न्यायची परवानगी मिळाली. बाकीच्यांनी तो तांबटाला मोडीत घातला. यानं भिंतीवर टांगला आणि दर आठवड्याला चिंचेनं घासला. बाजा बघितल्याबरोबर माझे हात शिवशिवायला लागले. पातळ पत्र्याचा, विलायती बनावटीचा, तोंडाजवळची नळी जरा रुंद, खटके बोट ठेवलं की दबणारे. वर्षानुवर्षं एकाच पोटाशी टेकून त्याची ती बाजू किंचित आत गेली होती, त्यामुळे तो आपसूक कुशीत बसायचा. मी खाली-वर, आत-बाहेर सगळा तपासला. खोट काढायला जागा नव्हती, आणि खोट काढता आली नाही की मी गप्प बसतो, एरवी नाही.

म्हातारा म्हणाला, "आधी वाजाडी दखाडा."

दादानं बाजा घेतला, डोळे मिटले आणि खालचा सा लावला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. मोठा नव्हता, पण बाकड्यावर ठेवलेल्या चहाच्या पेल्यांना त्यानं कंप भरला. रस्त्यावरचे दोन ड्रायव्हर आत डोकावले. दादानं सबंध एक चाल वाजवली, न तुटता, आणि बाजा खाली घेऊन माझ्याकडे बघून हसला. दोन महिन्यांत तो पहिल्यांदा असा हसला होता.

"धाकल्या, हाऊ ते आपोआप वाजस," तो म्हणाला.

मला वाटलं, जिंकलो. पण म्हातारा बाजाकडे बघतच नव्हता. तो दादाच्या गळ्याकडे, कानामागे, बोटांच्या नखांकडे बघत होता. त्यानं दादाला पाणी दिलं, बसवलं, आणि मला म्हणाला, "बाजा चांगला शे. पन तू बाजा देखी ऱ्हायना. माणूस देख. आम्हना बँडमा हंगामना आगोदर बाजा तपासेत, तसा माणूस बी तपासेत. डाक्टर छातीले नळी लाये. याले आधी दवाखानामा लई जाय, मंग बाजा लई जाय."

हे त्यानं दादाच्या समोर सांगितलं. हळू नाही, कोड्यात नाही. माझ्या कानात ते शिरलंही. पण माझं डोकं असं की मला त्यात म्हाताऱ्याचा कावा दिसला. जीव लागलेली वस्तू, द्यायची वेळ आली म्हणून फाटे फोडतोय, असं मला वाटलं. मी तडकलो.

"बाबा, तुम्हले इकानं नही व्हई ते सरळ सांगी द्या. मन्हा भाऊले आजारी कशाले पाडतस?"

म्हाताऱ्यानं दादाकडे बघितलं, दादानं मांडीवरच्या बाजाकडे बघितलं. दादाचा हात खटक्यांवर होता आणि तो आवाज न करता ते दाबून बघत होता. मग म्हाताऱ्यानं भट्टीत फाटा सारला आणि म्हणाला, "लई जाय." परतीच्या एसटीत दादानं बास लेकरासारखा मांडीवर घेतला होता. मी सगळ्या वाटेनं म्हाताऱ्याची टिंगल करत होतो. दादा खिडकीबाहेर बघत हसत होता, निदान मला तरी ते हसणंच वाटलं.

ती लग्नसराई आमच्या बँडची सगळ्यांत गाजलेली. माघापासून लग्नांच्या सुपाऱ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. तापीकाठच्या गुजर पाटलांच्या गावात आम्हाला एकाच मांडवातून पुढची तीन लग्नं मिळाली. केळीच्या बागांमधून वरात निघाली की मागून दादाचा बास असा चालायचा की घोड्यावरच्या नवरदेवाची मान आपोआप ताठ व्हायची. मास्तर मला म्हणाले, "दुरुस्ती तुन्हीच खरी." माझी छाती फुगली. बाजा इतका हलका, इतका समजूतदार, की अर्ध्या श्वासात तो पुरा सूर द्यायचा. दादाकडे अर्धाच श्वास उरला आहे हे म्हणून कुणालाच कळलं नाही. दादा बारीक झाला होता, पण सराईत सगळेच बारीक होतात. जागरणं, उन्हं, एकेका गावाची पायपीट. मी त्याला चिडवायचो की बाजा हलका आणला तर तू पण हलका झालास का. जुना बास असता तर दादा होळीच्या आधीच थकून बसला असता. मास्तरांनी त्याला घरी पाठवलं असतं, वहिनीनं कुणाला तरी हाताशी धरून दवाखाना गाठला असता. तो बसला नाही, कारण मी त्याला बसू न देणारा बाजा शोधून आणला होता.

वैशाखात धानोऱ्याला दुपारची वरात होती. मारुतीच्या पारापाशी बँड थांबला, नवरदेव पाया पडायला उतरला, आणि पुन्हा वाजवायला सुरुवात झाली तेव्हा मला मागून काही ऐकू आलं नाही. ताशा वाजवता वाजवता मी वळून बघितलं. दादा पाराला टेकून उभा होता. बाजा कुशीत तसाच नीट धरलेला होता आणि खांद्यावरच्या उपरण्यानं तो तोंड पुसत होता. उपरणं लाल झालं होतं. त्यानं मला हातानं खूण केली, तू वाजव, थांबू नको. आणि मी, त्याचा सख्खा भाऊ, वाजवत राहिलो. मांडवापर्यंत वाजवलं.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी दादाच्या छातीचा फोटो उजेडाला धरला आणि मला विचारलं, "दम कधीपासून लागतो?"

"दिवाळीपासून."

"मग इतके दिवस काय करत होता?"

"मध्ये बरा झाला होता, साहेब. माघापासून काही त्रास नव्हता."

"बरा कसा झाला? औषध कोणतं दिलं?"

मी म्हणालो, "बाजा बदलला."

ते लिहीत होते, त्यांचा हात थांबला. त्यांना वाटलं मी काही गावठी उपाय सांगतोय. म्हणून मी समजावून सांगायला लागलो, की पहिला बास जड होता, हा फुंकायला हलका आहे, ह्याला दम कमी लागतो. सांगता सांगता माझं मलाच ऐकू आलं. डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं. ते म्हणाले की दिवाळीलाच आणलं असतं तर हा माणूस सुया घेऊन बरा झाला असता, असे पुष्कळ बरे होतात, आता एक बाजू पूर्ण गेली आहे आणि दुसरीचा भरवसा नाही. त्यांनी सुया सुरू केल्या. तीन महिने दिल्या.

मी रोज त्याच्या खाटेशी बसायचो. एकदा मनाचा हिय्या करून म्हणालो, "दादा, त्या विसरवाडीना म्हातारानी..." त्यानं मला पुरतं बोलू दिलं नाही. बोलायला त्याला कष्ट पडत होते, तरी तो म्हणाला, "मी बी ऐकं व्हतं ना रे. मन्हाच हात सुटना नही बाजावरून." मग म्हणाला, "तिले सांगू नको." वहिनी तेव्हा बाहेर नळावर पाणी भरत होती.

श्रावणात तो गेला. त्याचं वय तेव्हा पस्तिशीच्या आतलं.

तेरा दिवस झाले आणि मी बास घेऊन विसरवाडीला गेलो. मला वाटलं होतं म्हातारा शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. त्यानं मला एकट्याला बाजासकट एसटीतून उतरताना बघितलं आणि भट्टीवरून उठून उभा राहिला. बाजा माझ्या हातातून घेतला, मला चहा दिला, आणि मी पेला संपवेपर्यंत समोरच्या बाकड्यावर बसून राहिला. तो मला एखादा शब्द लावून बोलला असता तर मी इतकी वर्षं हे घेऊन बसलो नसतो, असं मला वाटतं. कदाचित तरीही बसलोच असतो. मी त्या वर्षापासून वाद्यं दुरुस्तीला घेणं बंद केलं. ताशा मात्र सोडता आला नाही, पोट होतं.

वहिनीनं दोन्ही लेकरं पथारीवर मिरच्या निवडून मोठी केली. मी होतोच हाताशी, पण राबली ती. ती मला कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, पण झालं ते भलतंच. घरी कुणी पाहुणा येवो, सोयरा येवो, रस्त्यानं बँड जावो, ती माझ्याकडे हात करून कौतुकानं सांगते. परवा तिच्या नातीला बघायला आलेल्या मंडळींना चहा देतानाही तिनं सांगितलं.

"मन्हा भाऊजी असा बाजा धुंडी लई उनात, शेवटलोंग त्यासले दम लागना नही. एवढं कोन करस भाऊसाठे?"

पाहुणे माझ्याकडे आदरानं बघतात. मी मान खाली घालतो, ते तिला नम्रपणा वाटतो, आणि मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.